संप्रदान आणि कर्ता : सोशल सर्व्हिस लीग व वस्तीसेवेची भाषा

लोकसेवेच्या संस्थांचे मूल्यमापन करण्याची एक रूढ पद्धती आहे. संस्थेने किती शाळा काढल्या, किती रुग्णांना औषध दिले, किती वाचनालये चालविली, याची गणती करावयाची आणि त्या गणतीवरून संस्थेच्या थोरवीचा निर्णय द्यावयाचा. ही पद्धती निरुपयोगी नव्हे. ज्या वस्तीत शाळा नव्हती तेथे शाळा झाली, हे सांगण्यास आकडाच लागतो. तथापि या गणतीतून एक प्रश्न हमखास निसटतो. ज्या वस्तीसाठी हे सर्व झाले, ती वस्ती संस्थेच्या वृत्तान्तात कोणत्या विभक्तीत उभी आहे? ती देणारी आहे, घेणारी आहे, की केवळ जेथे काही घडले ते अधिकरण आहे? हा प्रश्न वरवर पाहता वैयाकरणाचा वाटेल. परंतु सेवासंस्थेच्या कार्याचे मर्म पुष्कळ वेळा या व्याकरणातच सापडते.

या दृष्टीने अभ्यासण्यास मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगइतके योग्य उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच मिळेल. ही संस्था १९११ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक नारायण मल्हार जोशी हे १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झालेले कार्यकर्ते होत. योगायोग असा की, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हेही १९११ सालचेच. एका ग्रंथाने मराठी वाक्यातील कर्ता, कर्म व संप्रदान यांचे परस्परसंबंध सविस्तर तपासले. त्याच वर्षी निघालेल्या एका संस्थेने हेच संबंध गिरणगावच्या चाळींत प्रत्यक्ष मांडण्यास आरंभ केला. त्या मांडणीत काय साधले व काय राहून गेले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१

प्रथम कार्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. परळ, लालबाग, डिलाइल रोड, शिवडी, नायगाव व वरळी हा मुंबईचा भाग त्या काळी गिरण्यांच्या भोंग्यावर चालत होता. कोकणातून व घाटावरून आलेला कामगार एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होता. पुष्कळदा एकाच खोलीत अनेक बिऱ्हाडे किंवा गाववाल्यांचा एखादा गट नांदत होता. पाण्याचा नळ, शौचकूप, दवाखाना, शाळा यांची वाण होती. गिरणीमालकाला कामगार कामाच्या वेळेपुरता हवा होता. नगरपालिकेला करदात्याची चिंता अधिक होती. या दोहोंच्या मध्ये उरलेला जो माणूस, तो लीगचा विषय झाला.

लीगने हाती घेतलेल्या कामांची यादी आजही थक्क करणारी आहे. दिवसाच्या व रात्रीच्या शाळा, ग्रंथालये, फिरती वाचनालये, पाळणाघरे, सहकारी पतपेढ्या, गरीब व निरक्षर लोकांना कायद्याचा सल्ला, पोलीस कोर्टात अडकलेल्यांना मदत, आरोग्याची व स्वच्छतेची कामे, व्यायामशाळा, मुलांचे संघ, सहली, नाट्यप्रयोगांच्या सोयी अशी ही कामे होती. संस्थेच्या उद्देशात दोन अंगे स्पष्ट दिसतात. सामाजिक परिस्थितीची माहिती गोळा करून तिचा अभ्यास करावयाचा व लोकमत घडवावयाचे, हे एक अंग. आम जनतेला जीवनाची व श्रमाची अधिक चांगली आणि वाजवी परिस्थिती मिळवून द्यावयाची, हे दुसरे.

यांतील 'मिळवून देणे' हे क्रियापद थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. मराठीत 'मिळविणे' ही क्रिया ज्याला हवे असते तो स्वतः करतो. 'देणे' ही क्रिया दुसऱ्यासाठी होते. 'मिळवून देणे' या संयोगात मिळविणारा एक आणि लाभणारा दुसरा, अशी फाळणी झालेली असते. लीगच्या कार्याचा सारा पेच या एका क्रियापदात साठविलेला आहे. नगरपालिकेशी, सरकारशी व मालकांशी झगडून 'मिळविणारे' हे सुशिक्षित मध्यमवर्गीय कार्यकर्ते; ज्यांना ते 'द्यावयाचे' ते चाळीतील लोक. हेतू निर्मळ आहे, श्रम मोठे आहेत. परंतु वाक्यात चाळ अद्याप चतुर्थीत आहे.

२

मराठीतील 'सेवा' या शब्दाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. संस्कृतात व संतपरंपरेच्या मराठीत सेवा ही खालून वर जाणारी क्रिया आहे. देवाची सेवा, गुरूची सेवा, संतांची सेवा, आईबापांची सेवा या सर्व प्रयोगांत सेव्य हा सेवकापेक्षा थोर आहे. सेवक आपल्या सेवेने सेव्यावर उपकार करीत नाही. सेवेची संधी मिळाली यातच तो कृतार्थता मानतो. भारत सेवक समाज या १९०५ सालच्या नावातही हाच अन्वय टिकून आहे. तेथे सेव्य आहे देश, आणि देशापुढे नम्र होण्यात कोणाही सुशिक्षिताला कमीपणा नव्हता.

समाजसेवा या शब्दात मात्र एक सूक्ष्म उलथापालथ झाली. समासातील 'समाज' हे भाववाचक व भव्य सेव्य आहे. पण प्रत्यक्ष सेवा जिच्यापर्यंत पोचते ती एखादी चाळ, एखादी गल्ली, एखादे निरक्षर कुटुंब असते. सेवकाजवळ शिक्षण, वेळ, ओळखी व सरकारदरबारी जाण्याची वाट असते. सेव्याजवळ यांपैकी काहीच नसते. अशा स्थितीत शब्द जुनाच राहतो, पण त्याच्या क्रियेची दिशा बदलते. सेवा वरून खाली येऊ लागते आणि सेवकाची नम्रता हा त्याच्या मोठेपणाचा अलंकार ठरतो. 'उद्धार' या शब्दात ही दिशा उघड आहे. तेथे वर काढणारा वर उभाच असतो. 'सेवा' शब्दात ती झाकलेली आहे, म्हणून अधिक लक्षपूर्वक पाहावी लागते.

'सुधारणे' या क्रियापदाची गंमत याहूनही बोधप्रद आहे. ते मराठीत सकर्मक आहे आणि अकर्मकही आहे. 'वस्ती सुधारली' हे वाक्य घ्यावे. वस्ती आपल्या आपण सुधारली, असा त्याचा अर्थ होतो. कोणी तरी वस्ती सुधारली, असाही होतो. दुसऱ्या अर्थी कर्ता लुप्त आहे, आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालत असल्यामुळे वाक्याचे बाह्य रूप जसेच्या तसे राहते. सेवासंस्थांच्या वृत्तान्तांत असली द्व्यर्थी वाक्ये येण्याचा संभव फार. त्यांत लबाडी असते असे नव्हे. परंतु श्रेय कोणाचे, या प्रश्नाला बगल देण्याची सोय भाषेने तेथे करून ठेवलेली असते. टीकाकाराने अशा प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावयाचा : कर्ता कोठे आहे?

३

नामकरणाचा पुरावाही या प्रश्नाच्या उत्तरास साहाय्य करतो. मुंबईत वीस वर्षांच्या आत वंचित वस्त्यांसाठी तीन महत्त्वाच्या संस्था निघाल्या. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली 'भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी' स्थापन केली. १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग आली. आणि १९२४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकाराने 'बहिष्कृत हितकारिणी सभा' निघाली. तिन्ही नावे शेजारी ठेवून वाचली म्हणजे दोन दशकांत काय बदलले ते दिसू लागते.

शिंद्यांच्या संस्थेचे इंग्रजी नाव 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' असे होते. 'डिप्रेस्ड' या विशेषणात दाबणारा कोणी तरी सूचित आहे. 'निराश्रित' या मराठी शब्दात तो नाहीसा होतो. 'आश्रित' या पदात क्त प्रत्यय आहे खरा, परंतु तो कर्तरि आहे. आश्रित म्हणजे ज्याने आश्रय घेतला तो. त्याला 'निर्' लागला की उरते ती केवळ एक अभावाची स्थिती : आश्रय नाही. तो कोणी काढून घेतला, हे शब्द सांगत नाही. 'अस्पृश्य' हा झोंबणारा शब्द टाळण्याची सभ्यता या निवडीत आहे, आणि शिंदे यांनी या कार्यासाठी सहकुटुंब स्वतःस वाहून घेतले होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही शब्दाने जे सांगावयाचे नाही ते सांगितलेले नाही, हेही खरे.

'सोशल सर्व्हिस लीग' या नावात सेव्याचा उल्लेखच नाही. नाव क्रियेचे आहे व क्रिया करणाऱ्यांच्या संघाचे आहे. शिवाय ते इंग्रजी आहे, आणि मराठी बोलणाऱ्या चाळींत ते 'लीग' या एका अक्षरसमूहात आटोपले. जातीचा किंवा दैन्याचा शिक्का कोणावरही मारावयाचा नाही, हा या मौनाचा गुण. संस्थेने इंग्रजीत एक त्रैमासिकही चालविले. त्याचा वाचक कोण, हे भाषेवरूनच स्पष्ट आहे : देणगीदार, अधिकारी, विद्वान. म्हणजे चाळीविषयी जे लिहिले जात होते ते चाळीला वाचता येणार नव्हते. रात्रशाळेत अक्षरे गिरविणारा कामगार आणि त्याच्याविषयीचा इंग्रजी लेख ही दोन्ही एकाच संस्थेची अपत्ये. परंतु त्यांची गाठ पडण्याची सोय नव्हती.

'बहिष्कृत हितकारिणी सभा' या नावाची समासरचना शिंद्यांच्या मंडळीच्या नावासारखीच आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 'निराश्रितांना साहाय्य करणारी' आणि 'बहिष्कृतांचे हित करणारी' यांत वाक्यविन्यासाचा भेद नाही. भेद आहे तो दोन ठिकाणी. पहिला शब्दार्थाचा. 'बहिष्कृत' हे कर्मणि धातुसाधित आहे. बाहेर टाकण्याची क्रिया त्यात आहे, आणि जेथे अशी क्रिया आहे तेथे ती करणारा असलाच पाहिजे. नाव उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात 'कोणी?' हा प्रश्न उठतो. दुसरा भेद निर्देशाचा. पहिल्या नावात ज्यांना साहाय्य करावयाचे ते आणि साहाय्य करणारे, ही दोन भिन्न मंडळे आहेत. सभेच्या बाबतीत ही दोन्ही पदे पुष्कळ अंशी एकाच समाजाचा निर्देश करतात. सभेचे अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे होते आणि उपाध्यक्षांतही प्रतिष्ठित उच्चवर्णीय व पारशी गृहस्थ होते. परंतु व्यवस्थापक मंडळाची सूत्रे डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्या हाती होती. ज्यांचे हित साधावयाचे, तेच हितकर्ते. सभेने स्वीकारलेले शिक्षण, चळवळ व संघटन यांचे ब्रीद आज्ञार्थी आहे. आणि आज्ञार्थात कर्ता नेहमी समोरचा श्रोता असतो. वस्तीला उद्देशून, वस्तीनेच करावयाच्या गोष्टी सांगणारे हे वाक्य आहे. सभेने १९२५ साली सोलापुरास वसतिगृह काढले. ते कार्य लीगच्या पद्धतीचेच होते. पण त्या वाक्याचा कर्ता बदलला होता.

४

येथे लीगच्या कार्याला न्याय देणारी एक घटना नमूद केली पाहिजे. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचा विचार ज्या बैठकीत झाला, ती ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये भरली होती. हा हॉल लीगचा. दामोदर ठाकरसी मूळजी यांच्या नावाची ही वास्तू १९२२ पासून गिरणगावाच्या सार्वजनिक जीवनाचे एक केंद्र बनली. डॉ. आंबेडकर स्वतः परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते, आणि पुढे याच हॉलमध्ये त्यांची कचेरीही होती. म्हणजे ज्या संस्थेच्या वाक्यात वस्ती चतुर्थीत होती, तिच्याच छपराखाली त्या वस्तीचे पहिल्या विभक्तीतील वाक्य उच्चारले गेले.

या विसंगतीचा उलगडा मराठीच्या तीन साध्या वाक्यांनी होऊ शकतो.

'लीगने कामगाराला पुस्तक दिले.'
'कामगाराला वाचता येऊ लागले.'
'कामगाराने अर्ज लिहिला.'

पहिल्या वाक्यात 'कामगाराला' हे संप्रदान आहे. देणारी लीग, कामगार घेणारा. दुसऱ्या वाक्यात प्रत्यय तोच आहे, 'ला'. परंतु त्याचे कार्य पालटले आहे. येथे कोणी काही देत नाही. सामर्थ्य कामगाराच्या ठायी आले आहे आणि तो त्या सामर्थ्याचा अनुभवक आहे. मराठीत सामर्थ्य, आवड, भूक, दुःख, आठवण या सर्वांचा धनी याच 'ला'ने दाखविला जातो. तिसऱ्या वाक्यात 'ला' जाऊन 'ने' येतो. कामगार कर्ता झाला आणि त्याची कृती पूर्ण होऊन नोंदली गेली.

सेवासंस्थेचे कार्य पहिल्या वाक्यात सुरू होते. तेथेच ते थांबले तर संस्था कितीही वर्षे चालो, वस्ती आहे तेथेच राहते. किंबहुना संस्थेचे दीर्घायुष्य हाच मग वस्तीच्या पारतंत्र्याचा पुरावा ठरतो. उत्तम सेवा ती, जी पहिल्या 'ला'चे दुसऱ्या 'ला'त रूपान्तर करते. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाण्याचे पाऊल मात्र संस्थेला टाकता येत नाही. ते वस्तीनेच टाकावयाचे असते. संस्थेने त्या वेळी करावयाचे ते एवढेच की, वाट अडवू नये आणि जागा द्यावी. वाचनालय, रात्रशाळा व सभागृह ही लीगची कामे या कसोटीस उतरतात. औषधाची बाटली संपते; पण वाचता येणे संपत नाही, आणि सभागृहात कोणी काय बोलावे हे सभागृह बांधणाऱ्याला शेवटपर्यंत ठरविता येत नाही. गिरणगावातील कामगार रंगभूमीला दामोदरच्या रंगमंचाने जो आधार दिला, त्याचे महत्त्व याच कारणामुळे करमणुकीपुरते मर्यादित नाही. दिवसभर साच्यावर उभा राहणारा माणूस रात्री तेथे वाक्ये उच्चारीत होता. त्या रंगमंचाशी निगडित असलेल्या 'सहकारी मनोरंजन मंडळ' या नावातील 'सहकारी' हे पदही सहकर्त्याचेच आहे.

खुद्द जोशी यांचा प्रवास याच दिशेने झाला. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. १९२६ मध्ये मुंबईत कापड कामगारांचा संघ स्थापन झाला तेव्हा तेच त्याचे अध्यक्ष झाले. देणगीवर चालणाऱ्या लीगकडून वर्गणीवर चालणाऱ्या संघाकडे झालेली ही वाटचाल भाषादृष्ट्याही अर्थपूर्ण आहे. देणगी बाहेरून येते; वर्गणी सभासद देतो, आणि देणाऱ्याला हिशेब विचारण्याचा हक्क प्राप्त होतो. अर्थात् कामगारसंघाचे पुढारीपणही दीर्घकाळ सुशिक्षितांकडेच राहिले, ही मर्यादा दृष्टीआड करता येत नाही.

५

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला असा की, ज्या चाळीत नळाला पाणी नाही तेथे विभक्तीचा विचार करणे ही पंडिती चैन होय. या आक्षेपात तथ्य आहे. तापाने फणफणलेल्या मुलाला औषध हवे असते, व्याकरण नव्हे. त्या घटकेपुरते संप्रदान होण्यात कोणालाही लाज वाटण्याचे कारण नाही. प्रत्येक मनुष्य आयुष्यात अनेक वेळा संप्रदान असतो. आक्षेप घ्यावयाचा तो घेण्याच्या प्रसंगावर नसून घेणारा हीच एखाद्या वस्तीची कायमची ओळख होऊन बसण्यावर. शिवाय पाण्याचा प्रश्नही अखेरीस कोण मागतो यावर अवलंबून असतो. संस्थेने केलेली विनंती नाकारणे नगरपालिकेला सोपे. वस्तीने केलेली मागणी नाकारणे कठीण.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वस्तीला बोलते करण्याचे श्रेय लीगच्या वाचनालयांना व सभागृहाला देणे म्हणजे वस्ती पूर्वी मुकी होती असे मानणे नव्हे काय? तसे मानल्यास ते इतिहासाला सोडून होईल. लीगच्या स्थापनेपूर्वीच नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधु' पत्राच्या द्वारे व गिरणी कामगारांच्या सभा भरवून कामगारांच्या मागण्या मांडल्या होत्या. त्यांचे देहावसान १८९७ साली झाले. पुढे कामगारांनी स्वतः चालविलेले गिरणी कामगार महामंडळ आले आणि १९२८ च्या प्रदीर्घ सार्वत्रिक संपात कामगारांच्या आवाजाचे सामर्थ्य साऱ्या शहराने पाहिले. म्हणून लीगने वाचा दिली, असे म्हणणे अतिव्याप्त होईल. वाचा होतीच; लीगने तिला बसावयास जागा, वाचावयास पुस्तक आणि कागदावर उतरविण्यास अक्षर दिले. हे श्रेय लहान नाही. फक्त ते नेमके मोजले पाहिजे.

तिसरा आक्षेप असा की, जे सभागृहाने साधले ते संस्थेच्या हेतूत नव्हते. मग त्याचे श्रेय संस्थेस कसे द्यावे? यास उत्तर असे की, शाळा व सभागृह यांचे कार्यच असे आहे की त्यांचे उत्तम फळ हेतूच्या पलीकडे असते. अक्षर शिकविणारा शिक्षक विद्यार्थ्याने पुढे काय लिहावे हे ठरवीत नाही. जी संस्था आपल्या हेतूपलीकडचे फळ आपल्या अंगणात वाढू देते, ती त्या फळाची जननी नसली तरी तिला परकीही म्हणता येणार नाही. मात्र याच न्यायाने, जागा नाहीशी झाली तर ते केवळ बांधकामाचे प्रकरण राहत नाही. २०२३ साली दामोदर नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झाले तेव्हा नाट्यकर्मींनी विरोधाचा आवाज उठविला. त्यामागे स्मृतिरंजनापलीकडचे काही होते. जेथे वस्ती कर्ता झाली, त्या अधिकरणाविषयीचा तो वाद होता.

६

गिरणगावातील गिरण्या आता इतिहासजमा झाल्या आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्या भागाचे रूप पालटत गेले. डिलाइल रोड आज ना. म. जोशी मार्ग आहे. संस्थापकाचे नाव रस्त्याच्या पाटीवर स्थिरावले आहे. परंतु वस्तीसेवेच्या भाषेचा प्रश्न मिटलेला नाही. त्याने नवे शब्द धारण केले आहेत.

शासकीय व संस्थात्मक मराठीत आज सर्वत्र आढळणारा शब्द 'लाभार्थी' हा होय. त्याची घडण 'विद्यार्थी' या शब्दासारखीच आहे : विद्येची इच्छा करणारा तो विद्यार्थी, लाभाची इच्छा करणारा तो लाभार्थी. विद्यार्थी ही अवस्था संपावी अशी सर्वांची अपेक्षा असते. तो पुढे पदवीधर, शिक्षक किंवा विद्वान होतो. लाभार्थी पुढे काय होतो? भाषेत त्याच्यासाठी पुढची पायरी सिद्ध नाही. एकदा यादीत आलेले नाव यादीत राहते किंवा यादीतून गळते. शिवाय रस्ता, पाणी व शाळा यांवर नागरिकाचा हक्क असतो. त्या गोष्टींना 'लाभ' म्हटले की हक्क हा इच्छेचा विषय होतो आणि नागरिक याचकाच्या रांगेत जातो.

'वंचित' या शब्दाचे भाग्यही असेच आहे. मुळात तो कर्मणि आहे. ज्याची वंचना केली गेली, ज्याला फसविले गेले, तो वंचित. मराठीत मात्र 'शिक्षणापासून वंचित राहिलेली मुले' असा प्रयोग रूढ झाला. 'राहणे' या अकर्मक क्रियापदाने वंचकाला वाक्याबाहेर काढले. मुले जणू पावसाळ्यात पलीकडच्या तीरावर राहून गेली. 'वंचित ठेवलेली मुले' असे लिहिले की वाक्य लगेच अवघड होते, कारण आता कोणी तरी उत्तर द्यावे लागते. 'बहिष्कृत' या शब्दाने १९२४ साली जो प्रश्न उभा केला होता, तोच 'वंचित राहिलेली' या प्रयोगाने आज निजवून ठेवला आहे.

वस्त्यांच्या नावांचेही असेच. जातींवरून पडलेली वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. हा निर्णय इष्ट होता. अनेक वस्त्यांनी अशी नावे त्यापूर्वीच स्वतः धारण केली होती, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. जेथे रहिवाशांनी नाव ठेवले तेथे ते नाव उच्चारात रुजते; जेथे ते केवळ आदेशाने आले तेथे पाटीवर एक व बोलण्यात दुसरे, अशी स्थिती उद्भवण्याचा धोका राहतो. नामकरणातही कर्ता कोण हाच प्रश्न निर्णायक आहे.

सारांश, सोशल सर्व्हिस लीगच्या शतकाहून अधिक काळच्या जीवनाचे मूल्यमापन तिने काय काय दिले याच्या यादीवर संपविता येणार नाही. तिच्या भाषेत वस्ती पुष्कळ काळ घेणारी राहिली. तिचे नाव व तिचे त्रैमासिक वस्तीच्या भाषेत नव्हते. 'मिळवून देणे' या क्रियापदाच्या फाळणीतून ती पूर्णपणे बाहेर पडली नाही. आणि तरीही तिने वस्तीत अक्षर नेले व वस्तीला सभागृह दिले. या दोन गोष्टींनी तिच्याच वाक्यरचनेला उत्तर देण्याचे साधन वस्तीच्या हाती आले. संस्थेची मर्यादा तिच्या वृत्तान्ताच्या भाषेत दिसते, आणि तिचे यश तिच्या वृत्तान्ताबाहेर, वस्तीने स्वतः उच्चारलेल्या वाक्यांत शोधावे लागते.

सामाजिक संस्थांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यातून एक स्वतंत्र कार्यक्षेत्र उपलब्ध होते. जुन्या संस्थांचे वार्षिक अहवाल, देणग्यांची आवाहने, सभांची इतिवृत्ते व आजच्या योजनांची परिपत्रके घेऊन त्यांतील प्रत्येक वाक्यात वस्ती कोणत्या कारकाने आली आहे, याची नोंद करावी. 'ला', 'ने', 'साठी', 'मध्ये' यांचे प्रमाण दशकागणिक कसे बदलत गेले ते पाहावे. त्याच्या शेजारी वस्तीतून निघालेली पत्रके, अर्ज, नाटके व आत्मकथने ठेवावीत. तेथे आणखी एक लक्षणीय गोष्ट दिसून येईल. 'कामगाराने लिहिले' असे तृतीय पुरुषी म्हणताना लागणारा 'ने' हा प्रत्यय प्रथम पुरुषी 'मी लिहिले' या वाक्यात लागत नाही. जो स्वतःविषयी बोलतो त्याला आपण कर्ता असल्याची खूण वेगळी लावावी लागत नाही. अशी वाक्ये कोणत्या वस्तीत, कोणत्या वर्षापासून व कोणत्या छपराखाली आढळू लागतात, हे निश्चित करणे हे अशा संशोधनाचे पहिले काम होय.